सुट्टी लागली, आता मुलांना दिवसभर रमवायचं कसं?

थोरल्याची पहिली मोठी सुट्टी लागणार होती, त्याच्या आदल्या रात्री मी रंगीत पेनं घेऊन वेळापत्रक आखलं होतं. नऊ ते दहा चित्रकला, दहा ते अकरा मातीकाम, अकरा ते बारा गोष्टी. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी दमून जमिनीवर बसले होते, माती अर्धवट मळलेली तशीच पडली होती आणि तो माझ्या तोंडाकडे बघत विचारत होता, "आई, आता पुढे काय?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. दर तासाला नवं काहीतरी हातात ठेवत गेलं, की मूल ते भराभर उरकतं आणि पुढच्याची वाट बघत बसतं. स्वतः शोधायची त्याला गरजच उरत नाही. त्यानंतरच्या सुट्ट्यांमध्ये मी हळूहळू उलट्या बाजूने जायला शिकले: घरात जागा करून द्यायची, सामान हाताशी ठेवायचं, सुरुवातीला थोडा हात लावायचा आणि मग सरकून बाजूला व्हायचं. या बाजूला होण्याला धीर लागतो, पण सुट्टी निभते ती त्याच्यावरच.

ज्यांच्या घरात अशी मोठी सुट्टी पहिल्यांदाच येते आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुलं साधारण तीन ते बारा वर्षांची धरली आहेत.

पायरी १: सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात दिवस मोजा

कॅलेंडर काढा आणि मुलांना शेजारी घेऊन बसा. प्रवास, पाहुणे, एखादा वर्ग, तुमची रजा, जे ठरलेलं आहे ते लिहून टाका. मग मोकळे चौकोन मोजा. आपल्याला "दोन महिने" या शब्दाची धास्ती वाटते, पण खरोखर रिकामे दिवस त्याहून बरेच कमी निघतात, आणि आकडा समोर आला की जीव जरा भांड्यात पडतो.

मग प्रत्येक मुलाला विचारा: या सुट्टीत तुला काय शिकायचंय, कुठे जायचंय, काय बनवायचंय? तीनच गोष्टी. उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून भिंतीला लावा. माझ्या धाकटीने एका वर्षी "शिट्टी वाजवायला शिकणे" असं लिहवून घेतलं होतं. मी मनात पोहण्याचा वर्ग धरून बसले होते. पण ती शिट्टी तिने पंधरा दिवस घरभर फुंकत शिकून घेतली, कारण ती तिची होती.

पहिले तीन-चार दिवस मात्र काहीही आखू नका. वर्षभर घड्याळाच्या काट्यावर धावलेलं मूल आधी लोळतं, चिडचिड करतं, भावंडाशी भांडतं. ते दिवस जाऊ द्या. त्यावरून पुढच्या सुट्टीचा अंदाज बांधू नका.

पायरी २: दिवसाला खुंट्या मारा, तास नको

वेळापत्रक नको म्हणजे दिवस मोकाट सोडायचा असं नाही. तंबूला चार खुंट्या असल्या की कापड वाऱ्यावर हललं तरी तंबू उभा राहतो. दिवसालाही तशा चार खुंट्या पुरतात: उठायची वेळ, जेवणाच्या वेळा, दुपारचा शांत वेळ आणि झोपायची वेळ. मधलं सगळं मोकळं.

झोपेची खुंटी सगळ्यात आधी ढिली होते, आणि ती ढिली झाली की बाकीच्या टिकत नाहीत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्यांना दुपारची धरून १० ते १३ तास. सुट्टीत अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर बिघडत नाही. पण रोज मध्यरात्र होऊ लागली, की सकाळचा गार, बाहेर हुंदडण्याचा सगळा वेळ झोपेत जातो आणि मूल नेमकं कडक उन्हाच्या वेळी ताजंतवानं होऊन घरात आपटत राहतं.

पळापळ सकाळी आणि संध्याकाळी ठेवा. पाच वर्षांच्या पुढच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पकडापकडी, लपंडाव, दोरीवरच्या उड्या, खडूने घरं आखून ठिकरी, सायकल, काहीही चालेल. उन्हाचा अंदाज मुलांना स्वतःलाच घेऊ द्या. उभं राहायचं आणि आपली सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर खेळा. आखूड झाली की ऊन कडक, सावलीत या. "आत ये, आत ये" असं दहा वेळा ओरडण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण निर्णय सावली देते, आई देत नाही.

दुपारच्या शांत वेळाबद्दल जरा जास्त सांगते, कारण माझ्या मते अख्ख्या सुट्टीतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. या वेळात घरातलं प्रत्येक जण, मोठी माणसंसुद्धा, आपापल्या कोपऱ्यात असतं. झोप सक्तीची नाही. पुस्तक, चित्रं, ठोकळे, खिडकीतून बाहेर बघणं, काहीही करा. नियम दोनच: मोठ्याने बोलायचं नाही आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यात जायचं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटांचा गजर लावा, जास्त नको. मूल पाच वेळा येऊन विचारेल, "झाली वेळ?" तुम्ही फक्त घड्याळाकडे बोट दाखवा. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत न्या. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक दुपार अशी येते की गजर वाजतो आणि कुणीच उठत नाही.

पायरी ३: पसाऱ्याचा कोपरा करा

ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी १९७१ साली एक कल्पना मांडली: ज्या जागेत हलवता येतील, जोडता-मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी तिथे माणसाची कल्पकता जास्त चालते. घरात हे रोज दिसतं. चावीच्या गाडीशी एकच खेळ होतो. पुठ्ठ्याच्या खोक्याशी किती होतात याला गणती नाही.

एक कोपरा ठरवा, खाली जुनी चादर अंथरा, आणि या गोष्टी गोळा करा: पुठ्ठ्याची खोकी, कागदाच्या नळ्या, झाकणं, दोऱ्या, सुतळी, चिकटपट्टी (भरपूर, ही सगळ्यात आधी संपते), कपडे वाळत घालायचे चिमटे, जुन्या ओढण्या आणि चादरी, पाठकोरे कागद, खडू, टॉर्च, भिंग, मोजपट्टी, वयाला शोभेल अशी कात्री. विकत घ्यायचं त्यात फारसं काही नाही. अर्धं सामान बाहेर ठेवा, अर्धं कपाटावर लपवा आणि दोन आठवड्यांनी अदलाबदल करा. तीच झाकणं पंधरा दिवसांनी दिसली की नवी कोरी वाटतात.

आमच्या घरी एकदा कपडे धुण्याच्या यंत्राचं खोकं आलं होतं. मी त्याला खिडक्या कापून द्यायला निघाले, तर धाकटी म्हणाली, "थांब, अजून ठरलं नाहीये ते काय आहे." दोन दिवस ती नुसती त्यात जाऊन बसत होती. तिसऱ्या दिवशी आतून पेन्सिलने एक चौकोन आखला आणि मला बोलावलं, "इथे काप. एवढंच." तो दवाखाना झाला, मग जहाज, मग पुन्हा नुसती बसायची जागा. मी पहिल्याच दिवशी खिडक्या कापल्या असत्या तर ते कायमचं माझं घर झालं असतं.

पसारा रोज आवरायचा का? चालू असलेलं काम कोपऱ्यातच राहू द्या, कोपऱ्याबाहेर आलेलं तेवढं संध्याकाळी आत जाईल, एवढा नियम ठेवा. मुलाने दिवसभर खपून उभारलेलं रात्री मोडायला लावलं, की दुसऱ्या दिवशी ते मोठं काही हाती घेत नाही.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर एक तपासणी करा. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती त्याच्या घशात अडकू शकते. अशी वस्तू कोपऱ्यातून काढून टाका. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटी ताकदवान चुंबकं तर कुठल्याच मुलाच्या हाती लागता कामा नयेत. यातलं काही गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. घशात अडकलेली बॅटरी दोन तासांच्या आत अन्ननलिका जाळू शकते.

पायरी ४: "कंटाळा आला" ऐकू आलं की काय करायचं

हे वाक्य पहिल्याच आठवड्यात येणार. त्याला घाबरू नका, आणि लगेच मोबाइल किंवा नवा खेळ पुढे करू नका.

आधी चार गोष्टी बघा: भूक, तहान, झोप आणि सोबत. लहान मुलं या चारांनाही कंटाळाच म्हणतात. विशेषतः सोबत. कित्येकदा त्यांना खेळ नको असतो, तुम्ही हवे असता. अशा वेळी हातातलं खाली ठेवून दहा मिनिटं पूर्ण त्यांचे व्हा. मधे फोन नाही, "एक मिनिट हं" नाही. दहा मिनिटं पोटभर मिळाली की मूल तासभर एकटं खेळतं. अर्धवट लक्ष दिवसभर दिलं तरी त्याचं पोट भरत नाही.

चारही ठीक असतील तर फार काही बोलू नका. "बरं, ये, बस माझ्याजवळ," एवढं पुरे. मी अशा वेळी स्वतःच जमिनीवर बसते आणि माझ्यासाठी काहीतरी करायला घेते: कागदाला घड्या घालते, दोरीला गाठी मारते. "हे बघ, आपण असं करूया" म्हणत नाही. पाच-सात मिनिटांत एक हात शेजारून येतो आणि कागद ओढून घेतो. त्या हाताला त्याचं काम मिळालं की मी उठते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी चिठ्ठ्यांचा डबा करा. कल्पना त्यांनीच लिहायच्या: "उलट्या हाताने चित्र काढणे", "घरातल्या सगळ्या गोल वस्तू मोजणे", "आजीला पत्र", "टेबलाखाली जेवण". कंटाळा आला की एक चिठ्ठी काढायची; नको असेल तर ती परत टाकून दुसरी घ्यायची, पण दुसरी करायचीच. डब्यात तुमच्याही दोन-चार टाका, पण "पाढे म्हण" वगैरे टाकू नका. एकदा अशी चिठ्ठी हाती आली की डब्यावरचा विश्वास उडतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ३१ वं कलम आहे: विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क आहे. काहीच न करता पडून राहिलेलं मूल बघून अस्वस्थ वाटलं की मी ते कलम स्वतःला आठवून देते.

पायरी ५: एक-दोन लांब पल्ल्याची कामं सुरू करा

रोज नवं शोधण्यापेक्षा रोज थोडं वाढत जाणारं एखादं काम घरात असलं, की सकाळी उठल्यावर मुलाला जायला एक ठिकाण असतं. खालची सगळी आमच्याकडे करून झालेली आहेत. एका वेळी दोनच निवडा.

सावलीचं घड्याळ. सपाट, उन्हाच्या जागी एक काठी सरळ उभी करा. दर तासाला सावलीच्या टोकाशी खडूची खूण आणि शेजारी वेळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते म्हणून सावली सरकते, हे सांगा, पण शेवटी. आधी मुलांना बघू द्या की सकाळची सावली लांबच लांब आणि मध्यान्हीची आखूड, आणि खुणांमधली अंतरं सारखी नाहीत. थोरल्याने तेव्हा वाद घातला होता की मी एक खूण चुकवली. मी चुकवली नव्हती, पण त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं आखून खात्री करून घेतली, आणि तो दिवस मला त्या सुट्टीतला सगळ्यात चांगला वाटतो.

चंद्राची वही. अमावस्येनंतर सूर्यास्ताला पश्चिमेकडे बारीक कोर दिसली की सुरू करा. रोज एक वर्तुळ काढायचं, चंद्र जेवढा दिसतो तेवढा भाग कोरा ठेवून बाकी काळा करायचा, आणि वेळ लिहायची. एक पूर्ण फेरी साधारण साडेएकोणतीस दिवसांची. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेनंतर तो झोपायच्या वेळेआधी दिसेनासा होतो. मुलं हिरमुसतात. तेव्हा त्यांना सकाळी पश्चिमेकडे बघायला सांगा. दिवसाढवळ्या चंद्र सापडल्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

बरणीतलं बी. काचेच्या बरणीत ओला टिश्यू पेपर भरा आणि काच व कागद यांच्या मधे कडधान्याचे दाणे सरकवा, म्हणजे बाहेरून दिसतील. कागद ओलसर राहील इतकंच पाणी, दाणे बुडवायचे नाहीत. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की बरणी आडवी करा. एक-दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा खाली जाऊ लागतं. "त्याला कसं कळलं खाली कुठे आहे ते?" हा प्रश्न मुलांकडून येऊ द्या.

कागदाची पट्टी. यासाठी एक दुपार पुरते, पण ती दुपार लक्षात राहते. साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एका टोकाला अर्धा पीळ द्या, म्हणजे वरची बाजू खाली येईल, आणि टोकं चिकटवा. आता मुलाला पट्टीच्या मधोमध पेन्सिलने रेघ ओढायला सांगा, पेन्सिल न उचलता. रेघ दोन्ही बाजूंवरून फिरून जिथून निघाली तिथेच येते, कारण या पट्टीला बाजू एकच आहे. मग विचारा: या रेघेवरून कापलं तर काय होईल? सगळे म्हणतात दोन कड्या. कापून बघा, एकच लांब कडी निघते. मग तशीच पीळ देऊन चिकटवलेली दुसरी पट्टी घ्या आणि कडेपासून एक तृतीयांश अंतरावरून कापत जा. दोन कड्या निघतात, एक मोठी, एक लहान, आणि त्या एकमेकींत अडकलेल्या. ऑगस्ट म्यॉबियस आणि योहान लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी १८५८ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या पट्टीचं वर्णन केलं. आमच्याकडे त्या दिवशी घरातले सगळे जुने कागद संपले.

कागदी विमानं. तीन वेगवेगळ्या घड्यांची विमानं करा, प्रत्येकी पाच वेळा उडवा, अंतर पावलांनी मोजून लिहा. मग फक्त एकच गोष्ट बदला, नाकाला एक चिमटा लावा किंवा पंखाची कड वळवा, आणि पुन्हा पाच वेळा. एका वेळी एकच बदल, हे शिकलं की मूल स्वतःच पुढचे प्रयोग शोधतं.

घट्ट-पातळ चिखल. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर आणि एक वाटी पाणी. हळू बोट घातलं तर बुडतं, जोरात ठोसा मारला तर घट्ट लागतं. हे घमेल्यात आणि शक्यतो बाहेर करा, आणि संपल्यावर मोरीत ओतू नका, नळी तुंबते. वाळवून कचऱ्यात टाका.

पायरी ६: खरी कामं द्या

मुलांना खोटं काम लगेच ओळखू येतं. लुटुपुटीच्या भांड्यांपेक्षा खऱ्या काकडीत त्यांचा जीव जास्त रमतो. तीन-चार वर्षांचं मूल मोज्यांच्या जोड्या लावतं, शेंगा सोलतं, झाडांना पाणी घालतं. सहा-सात वर्षांचं फळं धुऊन-पुसून ठेवतं, टेबल मांडतं, केर काढतं. दहाच्या पुढचं मूल, तुम्ही स्वयंपाकघरात उभे असाल तर, आठवड्यातून एक जेवण ठरवण्यापासून वाढण्यापर्यंत स्वतः करू शकतं.

त्यांनी केलेलं काम त्यांच्यादेखत पुन्हा करू नका. घडी वाकडी राहिली तर राहू द्या. आणि कामाला बक्षिसाची सवय लावू नका, विशेषतः जे त्यांना आधीच आवडतं त्याला. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना त्यांनी "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असं आधीच सांगितलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या निम्मा वेळच चित्रांकडे वळली. ज्यांना बक्षिसाचं आधी सांगितलं नव्हतं, त्यांची आवड तशीच राहिली. म्हणून "पुस्तक वाचलंस तर हे देईन" असं माझ्या तोंडावर आलं तरी मी ते गिळते.

पायरी ७: वाचून दाखवा

मूल स्वतः वाचायला लागलं तरी थांबवू नका. रोज पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी, स्वतः वाचू शकतं त्याहून थोडं अवघड पुस्तक. गोष्ट रंगात आली असतानाच थांबा आणि पुस्तक त्याच्या हाताला लागेल असं ठेवून द्या. पुढचं मी कधीच सांगत नाही. थोरला टॉर्च घेऊन पांघरुणात शिरायचा. जवळपास वाचनालय असेल तर आठवड्याचा एक वार त्यासाठी धरा, आणि पुस्तक मुलालाच निवडू द्या, मग ते तुम्हाला कितीही बालिश वाटो.

पायरी ८: स्क्रीनला जागा आणि वेळ ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस अशी: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला. त्यापुढच्या वयात मिनिटं मोजून रोज घासाघीस करण्यापेक्षा वेळ ठरवून टाकलेली बरी. "किती वेळ?" याला दिवसभर वाद आहे, "कधी?" याला नाही. आमच्याकडे ती वेळ शांत वेळानंतरची आहे. सकाळी उठल्या उठल्या अजिबात नाही, कारण दिवसाची पहिली कल्पना मुलाला स्वतःची सुचायला हवी. जेवताना नाही, आणि झोपायच्या आधीचा एक तास नाही.

बंद करायच्या पाच मिनिटं आधी जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून सांगा. दुसऱ्या खोलीतून ओरडलेलं त्यांना खरंच ऐकू येत नाही. शक्यतो भाग संपल्यावर बंद करा, मधेच नको. आणि लगेच पुढे शरीराला लागेल असं काहीतरी तयार असू द्या: बूट दाराशी, चेंडू हातात. स्क्रीन बंद झाल्यावरची पहिली दहा मिनिटं सगळ्यात चिडकी असतात. ती पायांनी ओलांडावीत.

पायरी ९: पाण्याशी खेळताना

उन्हाळ्यात पाण्याइतका स्वस्त आणि लांबणारा खेळ नाही. एक टब, चार वाट्या, एक गाळणी, जुना ब्रश, आणि चार वर्षांचं मूल तासभर रमतं. पण इथे मी कुठलीही सूट देत नाही. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही. शांतपणे खाली जातं. अगदी लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. म्हणून खेळ संपला की टब लगेच रिकामा करून पालथा घालायचा. तलाव, नदी, समुद्र असेल तिथे लहान मूल हाताच्या अंतरावर हवं, आणि लक्ष ठेवायची जबाबदारी एकाच मोठ्या माणसाने नाव घेऊन पत्करलेली हवी. चार मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. हवेने फुगवायच्या नळ्या आणि दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मुलाला सोडू नका.

गाडीतही तसंच. बंद गाडीचं तापमान उन्हात दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढू शकतं. "दोन मिनिटांत आलेच" म्हणूनही मुलाला आत ठेवू नका.

दोघेही कामावर असाल तर

हा खरा अवघड भाग आहे, आणि यावर छान उपाय आहे असं मी म्हणणार नाही. आम्हाला जे उपयोगी पडलं ते असं. ओळखीच्या दोन-तीन घरांनी मिळून वार वाटून घेतले. माझ्या वारी सगळी मुलं माझ्याकडे. चार मुलं सांभाळणं एका मुलाला रमवण्यापेक्षा सोपं जातं, हे मला तेव्हाच कळलं. आजी-आजोबा किंवा आत्या-मामा येणार असतील तर त्यांच्यावर अख्खा दिवस टाकू नका. त्यांना एक ठरलेली गोष्ट सोपवा, त्यांच्या आवडीची: पत्ते, शिवण, बागकाम, जुन्या आठवणी. बाकीच्या वेळात त्यांनाही पडायला मिळू द्या.

घरून काम असेल तर दारावर दोन रंगांचं पुठ्ठ्याचं वर्तुळ लावा. लाल म्हणजे फक्त रक्त किंवा धूर असेल तरच ठोठवायचं, हिरवा म्हणजे या. पण दर तासाला निदान दहा मिनिटं हिरवा झालाच पाहिजे, तेही ठरलेल्या वेळी. सुरुवातीला मी दिवसभर लाल ठेवला होता. दुपारपर्यंत धाकटीने स्वतःच्या खोलीच्या दारावर तसंच एक लाल वर्तुळ लावलं, आणि मी ठोठावलं तर आतून म्हणाली, "मीटिंग चालू आहे." त्या दिवसापासून हिरव्याची वेळ मी चुकवली नाही.

शेवटचा आठवडा

शाळा सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधी झोपायची आणि उठायची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे ओढायला लागा. एकदम एका रात्रीत दोन तास मागे यायला सांगितलं तर पहिला आठवडा रडण्यात जातो. बूट घालून बघा, पाय वाढलेले असतात. भिंतीवरचा तीन गोष्टींचा कागद काढून एकत्र वाचा. जे झालं नाही ते खोडायचं की पुढच्या सुट्टीला न्यायचं, हे ज्याचं त्याला ठरवू द्या.

पसाऱ्याच्या कोपऱ्याचं काय करायचं, तेही त्यांनाच विचारा. आमचं ते खोकं तोवर एका बाजूने फाटलं होतं. धाकटी त्यात शेवटचं बसून आली, मग कात्री मागितली आणि तिने तिसऱ्या दिवशी आखलेल्या त्या खिडकीच्या चौकोनाभोवतीचा पुठ्ठा तेवढा कापून घेतला. बाकी खोकं तिनेच पाय देऊन चपटं केलं आणि रद्दीत नेऊन ठेवलं.